काळं दिसतं तीही चांदीच

भाद्रपदाच्या तोंडावर आणि दिवाळीच्या आधी मला येणाऱ्या वाचकांच्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं चांदीबद्दलची असतात. मी ३१ वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, पण चांदीची ओळख मला घरात झाली. माझे वडील नागपूरच्या इतवारीत चांदीचे कारागीर होते. उजाळा देताना काळी झालेली फडकी ते फेकू देत नसत. पत्र्याच्या डब्यात साठवायचे, वर्षाकाठी जाळायचे आणि राख झारेकऱ्याला द्यायचे. झारेकरी त्या राखेतून चांदी काढून आणायचा. सात-आठ वर्षांची असताना मी विचारलं होतं, "बाबा, फडकं तर काळं आहे, यात चांदी कुठली?" ते म्हणाले, "ते काळं आहे ना, तीच." आजच्या बहुतेक उत्तरांचं मूळ या एका वाक्यात आहे, म्हणून ते आधी सांगितलं.

प्रश्न (महाल) : आमच्याकडे सासूबाईंच्या काळापासूनचे महालक्ष्म्यांचे चांदीचे मुखवटे आहेत. विसर्जन झालं की पुसून वर्तमानपत्रात गुंडाळते, रबर लावते, वरून जुनी लोकरीची शाल लपेटून लोखंडी पेटीत ठेवते. हवा म्हणून लागू देत नाही. तरी दरवर्षी पेटी उघडली की गाल काळे, आणि धाकटीच्या कपाळावर एक आडवी काळी रेघ आहे ती तर घासूनही जात नाही. चांदीत खोट असेल का?

चांदीत खोट नाही ताई, शुद्ध चांदीसुद्धा काळी पडते. खोट ठेवण्यात झाली आहे, आणि ती इतक्या काळजीने झाली आहे की सांगताना मलाच वाईट वाटतं.

लोखंड हवेतल्या प्राणवायूने गंजतं, तसं चांदीचं होत नाही. साध्या हवेतला प्राणवायू तिला एकटा काही करू शकत नाही. तिला धरतो तो गंधक. कुजलेल्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड वायू उघड्या नालीतून, साचलेल्या सांडपाण्यातून, कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यातून निघतो. आपल्या नाकाला कळणारही नाही इतका थोडा असला तरी चांदीला पुरतो. गंधक आणि चांदी मिळून सिल्व्हर सल्फाइड होतं, आणि ते काळं असतं. हवेत ओल असली की हे काम झपाट्याने होतं. नाग नदीच्या काठच्या घरांतून मला नेहमी पत्रं येतात की आमचीच चांदी लवकर का काळवंडते. त्याचं कारण त्या पाण्याच्या वासातच आहे.

आता तुमची पेटी पाहू. लोकर म्हणजे केस. केस जळल्यावर जो उग्र वास येतो तो त्यातल्या गंधकाचा. रबर टिकाऊ व्हावं म्हणून कारखान्यात त्यात गंधक मिसळलेलाच असतो. वर्तमानपत्राचा स्वस्त कागद आणि शाई यांचाही भरवसा नाही. तुम्ही हवा लागू नये म्हणून तीन थर दिलेत आणि तिन्ही थर चांदीला काळं करणारे निघाले. धाकटीच्या कपाळावरची रेघ ही त्या रबराची आहे. रबराचा डाग कागदातून पार होऊन चांदीत खोल जातो. खाली दिलेला उपाय दोन-तीन वेळा करून तो फिका होईल, पण पूर्ण जाईलच असं मी सांगणार नाही. तो घालवायच्या हट्टाने कपाळ मात्र झिजवू नका.

यंदा असं करा. विसर्जनानंतर मुखवटे कोमट पाण्यात भांड्यांच्या सौम्य साबणाने, बोटांनीच धुवा. नैवेद्याचं तूप, हळदीकुंकू, हातांचा घाम सगळं निघालं पाहिजे. पंख्याखाली पूर्ण वाळू द्या, नाकाच्या आणि कानाच्या मागची खोबण तपासा. मग हात न लावता जुन्या, पुष्कळदा धुतलेल्या, खळ नसलेल्या पांढऱ्या सुती कापडात एकेक वेगळा गुंडाळा आणि झिपच्या प्लास्टिक पिशवीत हवा दाबून काढून बंद करा. औषधांच्या डब्यांत किंवा नव्या पर्समध्ये सिलिका जेलच्या पुड्या येतात, त्यातली एक पिशवीत टाका. ती नसेल तर कोरड्या खडूचे दोन तुकडे ठेवा. पेटी कूलरच्या खोलीत ठेवू नका. आपल्याकडे एप्रिल ते जून बाहेर हवा रखरखीत असते, पण कूलर चालू असलेल्या खोलीत दमट असते. लोकांना वाटतं चांदी पावसाळ्यात काळी पडली. पुष्कळ घरांत ती मे महिन्यातच काळी पडायला लागलेली असते.

सल्फाइडचा थर अगदी पातळ असतो तेव्हा तो काळा दिसत नाही. आधी पिवळसर झाक येते, मग तांबूस तपकिरी, मग निळसर-जांभळी, आणि शेवटी काळं. ओल्या रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलचे रंग दिसतात तसाच हा पातळ थराचा खेळ आहे. पिवळी झाक असतानाच मऊ कापडाने हलकं पुसलंत तर पुढचं काहीच करावं लागत नाही. दिवाळीत एकदा आणि संक्रांतीला एकदा पेटी उघडून बघा.

मुखवट्यांच्या डोळ्यांना रंग असेल, नथीत मोती-खडे असतील, तर खाली सांगितलेलं गरम पाणी त्यांना दाखवू नका. खडूची वस्त्रगाळ पूड पाण्यात दाट कालवून, कापसाच्या बोळ्याने, रंग सोडून फक्त गालांना लावा आणि ओल्या कापडाने टिपून घ्या.

प्रश्न (धरमपेठ) : देवांचे टाक आमच्याकडे पणजोबांपासूनचे आहेत. सणावाराला रांगोळी आणि लिंबू-मीठ लावून घासायची रीत. खंडोबाच्या टाकावर घोडा अजून ओळखू येतो, पण देवाचा चेहरा सपाट झाला. आता सून टूथपेस्ट लावते, चकाकी छान येते. नेमकं कशाने घासावं?

कशानेच घासू नये. हे पत्र मी दोनदा वाचलं. टाक म्हणजे कागदासारख्या पातळ पत्र्यावर ठशाने उठवलेला देव. नाक, डोळे, ओठ हेच सगळ्यात वर आलेले, म्हणून घासताना पहिले तेच जातात. चार पिढ्यांनी भक्तीने घासून घासून देवाचा चेहरा पुसला, आणि प्रत्येकीला वाटत होतं की आपण मळ काढतो आहोत.

तो मळ नव्हता. सिल्व्हर सल्फाइडमध्ये वजनाने सुमारे ८७ टक्के चांदी असते, उरलेला गंधक. काळं फडकं धुऊन टाकता तेव्हा तुम्ही चांदी नालीत सोडता. एका वेळची काही मोजण्यासारखी नसते, पण शंभर वर्षांची मोजता येते. ती तुमच्या खंडोबाच्या चेहऱ्याएवढी आहे.

टूथपेस्टबद्दल सुनेला रागावू नका, ती जाहिरातीसारखं चमकतं म्हणून लावते. पण पेस्ट दातांसाठी असते. दाताचं वरचं कवच हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. त्याला घासायला जी बारीक पूड घालतात ती चांदीसारख्या मऊ धातूवर ओरखडेच काढणार. खनिजांचा कठीणपणा मोजायची १ ते १० अशी मोजपट्टी आहे. तीवर चांदी अडीच ते तीनच्या मध्ये येते, दाताचं कवच पाचच्या आसपास. रांगोळी तर दगडाचीच भुकटी. आज आलेली चकाकी ही ताज्या ओरखड्यांची असते, आणि ओरखड्यांत गंधकाला बसायला जास्त जागा मिळते, म्हणून अशी चांदी पुढच्या वेळी लवकर काळी दिसते.

लिंबू-मीठ तांब्याच्या ताम्हणाला लावा, तिथे ते योग्य आहे. चांदीचा सल्फाइड लिंबाने विरघळत नाही, आणि मिठातला क्लोराइड चांदीवर वेगळाच डाग धरतो. तो आधी पांढुरका असतो आणि उजेडात राखी-जांभळा होत जातो. चांदीचे असे क्षार उजेडाने काळवंडतात, फोटोची जुनी फिल्म याच गुणावर चालायची.

तर मग उपाय. घासून थर काढण्याऐवजी त्यातला गंधक काढून घ्यायचा आणि चांदी जागच्या जागी परत करायची. हे काम अॅल्युमिनियम करतं. घरात एखादं जुनं जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं, पातेलं पडलं असेल तर तेच घ्या, पण पुढे त्यात स्वयंपाक करू नका, ते या कामालाच ठेवा. नसेल तर स्टीलच्या किंवा काचेच्या पसरट भांड्यात तळाला अॅल्युमिनियमची फॉइल अंथरा. टाक आधी साबणाने धुऊन तेल-तूप घालवा, नाहीतर पाणी चांदीपर्यंत पोचतच नाही. टाक फॉइलवर असे ठेवा की धातूला धातू टेकला पाहिजे. टेकला नाही तर काहीही होणार नाही, आणि "करून पाहिलं, जमलं नाही" अशी जी पत्रं येतात त्यांत बहुधा हीच चूक असते. एक लिटर उकळतं पाणी, त्यात मोठा चमचाभर खायचा सोडा. सोडा फसफसतो, भांडं खोलगट घ्या. पाणी टाकांवर ओता.

थोड्याच वेळात सडक्या अंड्यासारखा वास येईल. घाबरू नका, पण खिडकी उघडी ठेवा आणि वाफेवर वाकू नका. वर्षभर चांदीला चिकटलेला गंधक सुटून चालला आहे, त्याचाच तो वास. फॉइल मळकट होते, कधी तिला भोकं पडतात. अॅल्युमिनियम स्वतः झिजून चांदीला सोडवतं. दोन ते पाच मिनिटांत टाक काढा, साध्या पाण्याने दोनदा धुवा, मऊ कापडाने टिपून वाळवा. फार जुना थर असेल तर नवी फॉइल, नवं पाणी घेऊन पुन्हा करा. चकाकी आरशासारखी येणार नाही, थोडी दुधट येते. देवघरात ती मला जास्त आवडते.

झिजलेला चेहरा यातून परत येत नाही. नवे टाक घडवायचे की हेच पुजायचे हे तुमच्या घरच्या रीतीने ठरवा. माझ्याकडे वडिलांच्या आईचा असाच एक टाक आहे, त्यावर देवीचा फक्त आकार उरला आहे. मी त्याला पंचामृतानंतर कोमट पाण्याने धुते आणि टिपते, एवढंच.

प्रश्न (मानेवाडा) : माझी लेक बाळंतपणाला आली आहे. बाळाला बारशाला घातलेले वाळे पंधरा दिवसांत काळे पडले. शेजारच्या आजी म्हणतात, दृष्ट लागली, वाळ्यांनी ती ओढून घेतली. लेक फार घाबरली आहे.

लेकीला जवळ बसवून हे वाचून दाखवा. बाळाला काहीही झालेलं नाही.

तुमच्याकडे बाळाला धुरी देत असाल. ओवा, वावडिंग आणि लसणाच्या साली निखाऱ्यावर टाकतात ना? लसणाचा वास हा गंधकाच्या संयुगांचाच वास आहे. गोवरीचा धूर तर वेगळाच. त्यात बाळाच्या पायात लोकरीचे मोजे, आणि त्या मोज्यांत कोंडलेले वाळे. अंगाचं तेल, घाम, त्यावर हे सगळं. अशा खोलीत माझी चांदीची वाटी ठेवली असती तर तीही काळी पडली असती. आजींना दुखवू नका, त्यांनी बाळाच्या मायेनेच म्हटलं. पण वाळे काळे झाले म्हणून बाळाला कुणी काही चाटवू देऊ नका आणि अंगारे-धुपारे वाढवू नका. धूर बाळाच्या फुप्फुसांना चांगला नाही, हे मी आजी म्हणून सांगते आहे.

वाळे काढून, धुऊन, वरच्या रीतीने स्वच्छ करा. पोकळ वाळ्यांत लाख भरलेली असेल तर गरम पाण्यात घालू नका, खडूच्या पुडीने करा. आणि काळेपणापेक्षा एक गोष्ट जास्त महत्त्वाची. वाळ्याच्या तोंडाची धार बोटाने तपासा, घुंगरू ओढून पाहा. सुटलेलं घुंगरू बाळ तोंडात घालतं. मोठ्या माणसांच्या तोरड्या-जोडव्यांबद्दलही असेच प्रश्न येतात, की काळी पडली म्हणजे अंगात उष्णता आहे का. घाम, खरजेवरचं गंधकाचं मलम, केसांचा रंग, रोज लसूण-कांदा चिरणारे हात, एवढी साधी कारणं असतात.

प्रश्न (कॉलेजमधली वाचक, सक्करदरा) : ऑक्सिडाइज्ड झुमके फॉइल आणि सोड्यात टाकले, तर सगळे पांढरे झाले. नक्षी दिसतच नाही.

बाळ, त्या झुमक्यांवर काळा रंग मुद्दाम चढवलेला असतो, नक्षीच्या खोलात सावली राहावी म्हणून. पुष्कळदा तोही चांदीचा सल्फाइडच असतो. तू तो परत चांदी करून टाकलास. झुमके खऱ्या चांदीचे असतील तर सराफ पुन्हा काळे करून देईल. पुढे अशा दागिन्यांना फक्त कोरडं मऊ कापड लाव. मोती, पोवळं, फिरोजा, डिंकाने बसवलेले खडे, सोन्याचा मुलामा यांनाही ते पाणी चालत नाही.

प्रश्न (कामठी) : निरांजन काळं, गडूवर हिरवे ठिपके आणि बोअरच्या पाण्याने कलशाला पांढरे डाग. तिन्हीला एकच उपाय चालेल का?

नाही, तिन्हींची जात वेगळी आहे. निरांजनाचं काळं म्हणजे काजळी, शुद्ध कोळसा आणि जळकं तूप. फॉइलने ती हलणार नाही. गरम साबणाच्या पाण्यात तासभर बुडवून कापडाने पुसा. हिरवं हे तांब्याचं. दागिन्यांची चांदी बहुधा ९२.५ टक्के असते, बाकी तांबं, कारण निव्वळ चांदी फार मऊ पडते. गडू-तांब्यांत तांबं याहून जास्तही असतं. तेल-तूप लागून राहिलं की ते तांबं हिरवं होतं. साबणाने धुवा, राहिलंच तर कापसावर लिंबाचे दोन थेंब, मिठाशिवाय, आणि लगेच पाणी. पांढरे डाग जड पाण्यातल्या चुन्याचे. पाणी मिसळलेल्या व्हिनेगरने पुसून धुऊन टाका, आणि कलश ओला ठेवू नका.

चांदीच्या ताटात जेवत असाल तर हेही लक्षात ठेवा. हिंगाची फोडणी दिलेलं वरण, कांदा, लसूण, मोहरी, फुलकोबी, अंडं या सगळ्यांत गंधक आहे. जेवण झाल्याबरोबर ताट धुवा, रात्रभर खरकटं ठेवू नका.

प्रश्न (वर्धा) : आजोबांचे राणीछाप रुपये लक्ष्मीपूजनात ठेवतो. काळे पडलेत. यंदा चकचकीत करून घ्यावे का?

मुळीच नको. तो रुपया ११.६६ ग्रॅमचा, सुमारे ९१.७ टक्के चांदीचा. जुन्या नाण्यावर संथपणे बसलेला काळसर थर जाणकार मौल्यवान मानतात, आणि घासलेल्या नाण्याची किंमत लगेच पडते. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर, ५० टक्क्यांवर आली. म्हणून तुमच्या पिशवीतले काही रुपये वेगळ्या रंगाचे दिसत असतील. तेही खोटे नाहीत. हात लावायचा तो कडांना लावा. लक्ष्मीला ते काळेच ठेवले तरी चालतात.

प्रश्न (इतवारी) : दुकानात टाकून पॉलिश करून घेणं बरं, की घरी?

तिथल्याच वाचकाचा प्रश्न आहे, म्हणून मोकळेपणाने लिहिते. माझ्या वडिलांच्या हातचा उजाळा मी पाहिला आहे. रिठ्याचं पाणी, मऊ ब्रश, आणि घाई नाही. चांगले कारागीर आजही आहेत. पण वडील गेल्यावर आईचा कुंकवाचा करंडा मी एका दुकानात पॉलिशला दिला. परत आला तो पांढराफेक. झाकणावर वडिलांनी काढलेल्या वेलीची पानं बोथट झाली होती, आणि करंडा हाताला हलका लागला. देताना मी वजन केलं नव्हतं, त्यामुळे भांडायलाही माझ्याकडे काही नव्हतं. तो करंडा त्यांनी आईला लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला दिला होता.

पुष्कळ ठिकाणी झटपट काम करायला आम्लात बुडवतात, किंवा थायोयुरिया हे रसायन आणि आम्ल असलेलं द्रावण वापरतात. बाटलीत मिळणारी "बुडवा आणि काढा" द्रावणंही बहुधा तीच. ती थर विरघळवतात, म्हणजे त्यातली चांदी द्रावणात जाते आणि तुमच्याकडे परत येत नाही. थायोयुरिया अंगावर, श्वासात जाणंही चांगलं नाही. फिरत्या चाकावरचं पॉलिश तर थराबरोबर खालची चांदीही नेतं.

तेव्हा देवाचं, नक्षीचं, आठवणीचं घरीच करा. चेपलेलं, तुटलेलं, सांधा सुटलेलं कारागिराकडेच न्या. देताना तुमच्यासमोर वजन करायला सांगा, ग्रॅममध्ये, दशांश चिन्हानंतर दोन आकड्यांपर्यंत, चिठ्ठीवर लिहून घ्या, आणि कशाने स्वच्छ करणार ते विचारा. मोबाइलवर नक्षीचे जवळून दोन फोटो काढून ठेवा. घेताना तीच चिठ्ठी समोर ठेवून पुन्हा वजन करा. यात कुणाचा अपमान नाही. माझे वडील गिऱ्हाईकाने न सांगता तराजू पुढे ओढायचे.